सौभ : आकाशात उडणारी नगरी आणि कृष्णाची गैरहजेरी



मागच्या भागानंतर बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या श्रोत्यांनी एकच प्रश्न विचारला. हस्तिनापुरात द्यूत चाललं होतं तेव्हा कृष्ण कुठे होता? फासे टाकण्यापासून धर्मराजाला त्याने का अडवलं नाही?

हा प्रश्न तुमच्याआधी खुद्द युधिष्ठिराने विचारला आहे. वनपर्वात, पांडव सगळं हरून अरण्यात बसलेले असताना, कृष्ण त्यांना भेटायला येतो. द्रौपदी त्याच्यासमोर रडते. मला नवरे नाहीत, मुलं नाहीत, भाऊ नाहीत, बाप नाही, आणि मधुसूदना, तूही नाहीस, अशा अर्थाचं ती बोलते. कृष्ण म्हणतो, मी द्वारकेत असतो तर बोलावणं नसतानाही आलो असतो आणि तो खेळ होऊ दिला नसता. मग युधिष्ठिर सरळ विचारतो, तू द्वारकेत नव्हतास, तर होतास कुठे?

या प्रश्नाचं उत्तर म्हणून कृष्ण एका नगरीची गोष्ट सांगतो. तिचं नाव सौभ. लोखंडाची, आकाशात उडणारी, हवी तिकडे नेता येणारी नगरी. शाल्व राजाची. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत वनपर्वाचे १५ ते २३ हे अध्याय या गोष्टीला दिलेले आहेत. हे पर्व विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादित करून १९४२ साली प्रसिद्ध केलं. कीर्तनांत आणि मालिकांत ही गोष्ट क्वचितच येते. आली तरी दोन मिनिटांत संपवतात. सैन्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र ती सोडवत नाही, म्हणून आजचा भाग तिच्यावर.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकतो. मी सौभ नगरीला काल्पनिक मानतो. रागावू नका. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी प्राचीन विमानांचा मेसेज येतो आणि त्यात 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाचा हवाला असतो. त्या ग्रंथाचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी करून १९७४ साली निष्कर्ष छापला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात दिलेली विमानं उडू शकणार नाहीत, असं त्यांनी दाखवून दिलं. माझी श्रद्धा कृष्णावर आहे, सौभच्या इंजिनावर नाही. महाभारतकारांनी एवढी प्रचंड कल्पना केली, तिच्याशी कसं लढायचं याचाही विचार केला, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

नगरी उभी कशी राहिली, हे वनपर्व सांगत नाही. ते सांगतं भागवत, दशम स्कंधात, अध्याय ७६ आणि ७७. भागवत नंतरचा ग्रंथ आहे हे ध्यानात ठेवा. त्यातली हकीकत अशी. रुक्मिणीच्या लग्नात शाल्वाचा पराभव झाला. पृथ्वीवर एक यादव शिल्लक ठेवणार नाही, अशी त्याने सगळ्या राजांसमोर प्रतिज्ञा केली. मग रोज एक मूठ धूळ खाऊन वर्षभर शंकराची आराधना केली. शंकर प्रसन्न झाल्यावर त्याने मागितलं काय? देव, दानव, माणूस, गंधर्व, नाग, राक्षस, कोणालाही फोडता येणार नाही आणि यादवांना धडकी भरवील असं यान. शंकराने मयासुराला सांगितलं आणि मयाने सौभ बांधून दिलं. ते कधी एक दिसायचं, कधी अनेक, कधी दिसायचंच नाही. कधी जमिनीवर, कधी पाण्यावर, कधी डोंगरमाथ्यावर.

या मागणीकडे जरा लक्ष द्या. शाल्व स्वतः राजा होता. त्याला रस्ते, तलाव, बाजार, काहीही मागता आलं असतं. ज्याला आपण आज हायटेक सिटी म्हणतो तसली नगरी मिळवायची संधी होती. त्याने मागितली ती फक्त सूड घेण्यासाठी. सौभमध्ये लोक काय खात होते, पाणी कुठून येत होतं, यातलं वनपर्वात मला काही सापडत नाही. एवढी उडती नगरी असूनही शाल्वाचं चतुरंग सैन्य द्वारकेबाहेर उतरलं, ते सपाट आणि भरपूर पाणी असलेल्या जागी. तळ टाकताना स्मशानं, देवळं, वारुळं आणि पूजेची झाडं सोडून जागा निवडली होती, एवढा तपशील दिला आहे. म्हणजे माणूस अडाणी नव्हता. तळाची जागा निवडायला आम्हालाही जवळपास हेच शिकवलं, फक्त वारुळांचा उल्लेख नव्हता.

आता प्रसंग. राजसूय यज्ञात कृष्णाने शिशुपालाला मारलं. शिशुपाल शाल्वाचा जिवलग, त्याला तो भाऊच म्हणतो. कृष्ण इंद्रप्रस्थात आहे हे साधून शाल्व द्वारकेवर चालून आला. बागा उद्ध्वस्त केल्या, यादवांची कोवळी पोरं मारली.

द्वारकेची तयारी कशी होती, हे सोळाव्या अध्यायात आहे. सैन्यातल्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला हा अध्याय वाचायला द्यावा असं मला फार वर्षं वाटतं. बुरूज, दरवाजे, दगड फेकणारी यंत्रं ही यादी आहेच. पण खरी मौज पुढे आहे. उग्रसेन आणि उद्धव यांनी शहरात दवंडी पिटवली की कोणीही दारू प्यायची नाही. कारणही दिलं आहे: आपण बेसावध असलो तर शाल्व घात करील. नट, नर्तक, गवई यांना शहराबाहेर हलवलं. पूल तोडले. नावा बंद केल्या. खंदकांत खुंट रोवले. सभोवार एक कोसभर जमीन खणून खडबडीत केली. शिक्क्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही आणि शिक्क्याशिवाय कोणी आत यायचं नाही. मुद्रा असा शब्द आहे. आजच्या भाषेत गेट पास.

आणि मग सैनिकांबद्दल. त्यांना पगार, शिधा, शस्त्रं, साहित्य दिलेलं होतं. कोणाचाही पगार हलक्या धातूत दिलेला नव्हता, म्हणजे सोन्यात किंवा चांदीत होता. कोणाचा पगार थकलेला नव्हता. मेहेरबानीवर भरती झालेला एकही नव्हता आणि ज्याचा पराक्रम पारखलेला नाही असाही एकही नव्हता.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. आकाशातून नगरी चालून येते आहे आणि व्यास सांगताहेत की पगार वेळेवर होता. पण ज्याने कंपनी सांभाळली आहे त्याला कळेल. जवानाच्या घरी मनिऑर्डर पोहोचली नाही, तर त्याचं लक्ष समोरच्या टेकडीवर राहत नाही. ते गावातल्या वाण्याच्या उधारीवर राहतं. सौभसारखी यंत्रं द्वारकेकडे नव्हती. माणसांची व्यवस्था लावलेली होती, तेवढ्यावर शहर टिकलं.

लढाईचा भाग थोडक्यात. सांबाने शाल्वाच्या सेनापतीला, क्षेमवृद्धीला, पळवून लावलं. चारुदेष्णाने विविंध्याला मारलं. तोवर ठीक होतं. मग सौभ डोक्यावर आलं आणि सैन्याचा धीर सुटला. कृष्णाचा मुलगा प्रद्युम्न पुढे आला आणि म्हणाला, सगळे आपापल्या जागी उभे राहा, मी याला अडवतो, बघा. त्याने शाल्वाला जखमी केलं, पण नंतर स्वतः बेशुद्ध पडला. त्याच्या सारथ्याने, दारुकाच्या मुलाने, रथ वळवून त्याला बाहेर काढलं. शुद्धीवर आल्यावर प्रद्युम्न त्याच्यावर भयंकर चिडला. पळून गेलो असं लोक म्हणतील, बायका काय म्हणतील, शहर माझ्या भरवशावर सोडलं होतं! सारथी शांतपणे म्हणाला, बेशुद्ध रथीला वाचवणं हे सारथ्याचं काम आहे. मी सारथ्याच्या बाजूने आहे. जखमीला मागे आणणाऱ्याला आमच्यात कोणी भित्रा म्हणत नाही. प्रद्युम्न परतला, शाल्वाला पुन्हा लोळवलं, आणि आता शेवटचा बाण लावणार तोच देवांनी नारद आणि वायूकडून निरोप पाठवला की याचा वध कृष्णाच्या हातून व्हायचा आहे. बाण उतरला. शाल्व सौभसह निघून गेला.

कृष्ण परत आला तेव्हा द्वारकेत वेदपठण ऐकू येत नव्हतं, बायकांच्या अंगावर दागिने नव्हते, बागा ओळखू येत नव्हत्या. कृतवर्म्याने सगळं सांगितलं. शाल्वाला आणि सौभला संपवल्याशिवाय परतणार नाही, असं म्हणून कृष्ण निघाला. निघताना मागे राहणाऱ्यांना बजावलं, शहरात गाफील राहू नका. मार्तिकावतापर्यंत गेला, तिथून माग काढत समुद्राकाठी. तिथे सौभ सापडलं.

तर द्यूताच्या वेळी कृष्ण इथे होता. शत्रू द्वारकेवरून हटला होता, शहर वाचलं होतं, तरी तो पाठलागावर होता.

इथली लढाई मला सगळ्यात रंजक वाटते. सौभ आकाशात साधारण एक कोस उंच अडकून राहिलं होतं, आणि कृष्ण कबूल करतो की माझ्या सैन्याचा तिथे काही उपयोगच नव्हता. कोस म्हणजे आपल्या हिशेबाने दोनेक मैल. बाण पोहोचणार कसे? सैन्य आखाड्यातल्या प्रेक्षकांसारखं उभं राहून टाळ्या आणि आरोळ्या देत होतं. डोक्यावर शत्रूचं विमान आणि हातात रायफल, अशी वेळ ज्याच्यावर आली आहे त्याला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. पुढे दानव दिसेनासे होतात, नुसता त्यांचा कोलाहल ऐकू येतो, तेव्हा कृष्ण आवाजाच्या रोखाने जाणारं अस्त्र वापरतो आणि आवाज बंद पडतो. पहिल्या महायुद्धात शत्रूची तोफ कुठे आहे हे तिच्या आवाजावरून शोधायचे. व्यासांना ती यंत्रणा माहीत होती असं मी म्हणत नाही. दिसत नाही तर ऐका, एवढं कोणत्याही काळातल्या पहारेकऱ्याला सुचतं.

सौभचं सगळ्यात मोठं शस्त्र मात्र दगडही नव्हते आणि बाणही नव्हते. लढाई चालू असताना एक माणूस कृष्णाच्या रथाजवळ धावत आला. आपण द्वारकेहून आलो, आहुक राजाने पाठवलं, असं म्हणाला. निरोप असा, की तू दूर असताना शाल्वाने द्वारकेत येऊन तुझ्या वडिलांना, वसुदेवांना, मारलं. आता लढाई पुरे, परत ये, द्वारका राख, तेच तुझं काम आहे.

कृष्णाच्या मनात काय आलं, हे तो स्वतः सांगतो. त्याने सात्यकी, बलराम आणि प्रद्युम्न यांना मनातल्या मनात दोष दिला. यांच्यावर शहर सोपवून मी आलो, हे जिवंत असताना माझे वडील मारले जातातच कसे? खोट्या बातमीने पहिली इजा कुठे केली बघा. आपल्याच माणसांवरचा विश्वास गेला. तरीही तो लढत राहिला. मग सौभमधून वसुदेव खाली पडताना दिसले, वस्त्र सुटलेलं, केस विस्कटलेले. कृष्णाच्या हातातून शार्ङ्ग धनुष्य गळून पडलं. तो रथात मटकन बसला आणि सैन्याने हंबरडा फोडला. भानावर आल्यावर पाहतो तर सौभ नाही, शाल्व नाही, म्हातारे वडीलही नाहीत. सगळी माया होती.

इथे भागवत वेगळं बोलतं. काही ऋषी असं वर्णन करतात, पण ते पूर्वापार सुसंगत नाही, भगवंताला शोक आणि मोह कसे होतील, असा आक्षेप तिथेच नोंदवला आहे. भक्ताच्या दृष्टीने बरोबर असेल. मला वनपर्वातला, धनुष्य गळलेला कृष्ण जवळचा वाटतो. कारण मी ते पाहिलं आहे.

मी लेफ्टनंट असतानाची गोष्ट. आमची एक चौकी उंचावर होती, बर्फामुळे खाली यायला तीन दिवस लागायचे. कंपनीत एकाच नावाचे दोन जवान होते. अशा वेळी आमच्याकडे नंबरचे शेवटचे दोन आकडे जोडून हाक मारतात. एका संध्याकाळी वायरलेसवर निरोप आला की अमुक जवानाचे वडील वारले. मी नंबर विचारून घेतला नाही. चौकीवर त्या नावाचा एकच जवान होता, दुसरा खालच्या तळावर होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने रायफल सांगडच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि खाली बसला. रात्रीच्या पहाऱ्यावर मी दुसरा माणूस लावला. पण ती रात्र सगळ्या चौकीचीच गेली, कारण प्रत्येकजण आपापल्या बापाचा विचार करत होता. दोन दिवसांनी खालून दुरुस्ती आली. वडील त्याचे नव्हते, दुसऱ्याचे होते. त्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. म्हणाला, "साहेब, हसायला नको होतं." ती चूक सर्वस्वी माझी होती. कोणी शत्रूने मायाजाल टाकलं नव्हतं. एक नंबर विचारायचा राहिला होता.

म्हणून द्वारकेतला तो शिक्क्याचा नियम मला इतका महत्त्वाचा वाटतो. शहरात यायला आणि जायला मुद्रा लागत होती. रणांगणावर आलेल्या त्या दूताला मात्र मुद्रा विचारल्याचा उल्लेख नाही.

आता नगरीचा शेवट. सौभ प्राग्ज्योतिषाकडे जाऊन पुन्हा प्रकटलं. वरून शिळांचा एवढा वर्षाव झाला की कृष्ण वारुळासारखा गाडला गेला आणि सैन्य पळालं. त्याने वज्रास्त्राने शिळा फोडल्या. तेव्हा सारथी दारुक म्हणाला की आता सौम्यपणा पुरे, शत्रूला कमी लेखू नकोस, याला मार. म्हणजे बाप आणि मुलगा, दोघेही सारथी, दोघांनीही या युद्धात आपापल्या मालकाला ऐकायला नको असलेलं खरं सांगितलं. कृष्णाने सुदर्शन सोडलं. करवतीने उभं लाकूड चिरावं तसं सौभ मधोमध चिरलं आणि महेश्वराच्या बाणाने त्रिपुर पडलं होतं तसं खाली आलं. चक्र परत हातात आलं. दुसऱ्यांदा सोडलं ते शाल्वासाठी.

त्यानंतर एक ओळभर उल्लेख आहे, तो सहज नजरेतून सुटतो. मेरूच्या शिखरासारखी ती नगरी, बुरूज आणि दरवाजे कोसळलेली, जळताना पाहून तिथल्या बायका पळत सुटल्या. एवढ्या सगळ्या वर्णनात त्या नगरीत बायकाही राहत होत्या हे आपल्याला पहिल्यांदा कळतं, आणि ते ती जळत असताना. शाल्वाने कोणाला विचारून त्यांना आकाशात नेलं होतं?

आणखी एक धागा. भागवतानुसार सौभ मयासुराने बांधलं. इंद्रप्रस्थातली सभाही मयाचीच, चौदा महिने खपून बांधलेली. ती बांधायला कृष्णानेच त्याला सांगितलं होतं. त्या सभेत दुर्योधन पाण्याला जमीन आणि जमिनीला पाणी समजून फसला, हसं झालं, आणि तिथून द्यूताचा डाव शिजला. एकाच कारागिराच्या एका कामाने द्यूत जवळ आणलं आणि दुसऱ्या कामाने ते थांबवू शकणारा माणूस दूर ठेवला. हे दोन्ही ग्रंथ एकत्र ठेवून मी केलेलं वाचन आहे, व्यासांनी तसं कुठे म्हटलेलं नाही.

सौभ पडलं, शाल्व मेला, यादव जिंकले. हिशेब मांडायचा तर कृष्णाची बाजू संपूर्ण विजयी. पण त्या अवधीत हस्तिनापुरात पांडवांचं राज्य गेलं आणि द्रौपदीला सभेत ओढत आणलं गेलं. पाठलागाला न जाता तो द्वारकेतच थांबला असता तर? प्रद्युम्नाने शाल्वाला पळवलं होतंच. मी अधिकारी म्हणून विचार करतो तेव्हा पाठलाग बरोबर वाटतो, कारण असला शत्रू अर्धवट सोडला की दुप्पट तयारीने येतो. घरातला माणूस म्हणून विचार करतो तेव्हा उत्तर सापडत नाही.

इंदूरला आमच्या दादाने एका मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. मी तेव्हा सीमेवर होतो, पत्र पोहोचायला पंधरा दिवस लागायचे. मित्र बुडाला, वडिलांनी बांधलेलं घर गेलं. सुट्टीवर आलो तेव्हा दादा भाड्याच्या दोन खोल्यांत होता. वहिनींनी चहा ठेवला. दादा म्हणाला, "अरे, तू कुठे होतास? तू असतास तर मी सही केली नसती." मी त्याला चौकीचं नाव सांगितलं. ते त्याने कधी ऐकलेलं नव्हतं.

कृष्णही युधिष्ठिराला असंच ठिकाण सांगतो. मार्तिकावत, समुद्रकाठ, प्राग्ज्योतिष. मी तिथे होतो म्हणून हस्तिनापुराला आलो नाही. आता बांध फुटला आहे, पाण्याला अडवणं कठीण आहे, अशा अर्थाचं बोलून तो थांबतो. युधिष्ठिर यावर काही म्हणत नाही. निरोपाची वेळ होते. कृष्ण सुभद्रेला आणि अभिमन्यूला रथात बसवून द्वारकेला निघतो. द्रौपदीच्या पाचही मुलांना धृष्टद्युम्न मामा आपल्याबरोबर पांचालांकडे नेतो. धृष्टकेतू आपल्या बहिणीला घेऊन शुक्तिमतीला जातो. द्रौपदी मात्र नवऱ्यांबरोबर वनातच राहते.